क्लस्टरच्या नोडांवर फाइली पोहोचवणे: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

अठ्ठेचाळीस नोडांवर, म्हणजे क्लस्टर म्हणून एकत्र जोडलेल्या संगणकांवर, एक लहानशी पॅरामीटर फाइल पाठवायची होती. मी नोडांच्या नावांवर फिरणारा एक लूप लिहिला, त्यात एससीपी ही दूरच्या यंत्रावर फाइल कॉपी करणारी कमांड बसवली, एंटर दाबले आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडे न बघता पुढच्या कामाला लागलो. सत्तेचाळीस नोडांवर फाइल गेली. एक नोड नेमका त्याच वेळी रीबूट होत होता. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ अशी एक ओळ उमटली आणि बाकीच्या ओळींबरोबर वर निघून गेली. त्या नोडावर आठवड्यापूर्वीची, त्याच नावाची फाइल पडून होती, त्यामुळे प्रोग्रॅमनेही काही तक्रार केली नाही. तीन दिवस चाललेल्या गणनेतून तापमानाचा नकाशा काढला तेव्हा एका चौकोनाच्या कडेवर आकडा एकदम दीड अंशाने उडी मारतो असे दिसले, आणि मग आम्ही आणखी दोन दिवस सूत्रातली चूक शोधत बसलो, जी सूत्रात नव्हतीच.

फाइल पाठवणे अवघड नाही. ती प्रत्येक नोडावर, पूर्ण आणि हवी तीच पोहोचली आहे याची खात्री करणे हे खरे काम आहे, आणि नवख्यांना शिकवताना नेमका हाच भाग गाळला जातो. पुढील पायऱ्या त्या दृष्टीने लिहिल्या आहेत. कमांडची नावे आणि त्यांचे पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावे लागतील, आणि लहान-मोठ्या लिपीचा फरक तेथे महत्त्वाचा असतो.

१. कॉपी करण्याची खरोखर गरज आहे का, हे आधी ठरवा

बहुतेक क्लस्टरांत लॉगिन नोड (जेथे आपण शिरतो), कॉम्प्युट नोड (जेथे गणना चालते) आणि या सर्वांना एकाच वेळी दिसणारी शेअर्ड फाइल सिस्टिम अशी रचना असते. लहान क्लस्टरांत ती एनएफएस असते, मोठ्यांत लस्टर, बीजीएफएस किंवा जीपीएफएस यांपैकी एखादी. आपली होम डिरेक्टरी अशा सिस्टिमवर असेल, तर लॉगिन नोडावर ठेवलेली फाइल प्रत्येक कॉम्प्युट नोडाला त्याच पत्त्यावर आपोआप दिसते आणि कॉपी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मी अनेकांना स्वतःच्याच होम डिरेक्टरीतून स्वतःच्याच होम डिरेक्टरीत, म्हणजे त्याच फाइलीवर तीच फाइल, वीस-वीस वेळा कॉपी करताना पाहिले आहे.

तपासणी सोपी आहे. लॉगिन नोडावर टच कमांडने एक रिकामी फाइल तयार करावी आणि कॉम्प्युट नोडावर जाऊन ती दिसते का ते पाहावे. एनएफएस असल्यास मात्र थोडा धीर धरावा, कारण एनएफएसचा क्लायंट फाइलींची माहिती काही काळ स्वतःजवळ साठवून ठेवतो. मूळ सेटिंगनुसार हा काळ साध्या फाइलींसाठी ३ ते ६० सेकंद आणि डिरेक्टरींसाठी ३० ते ६० सेकंद असतो. त्यामुळे नुकतीच तयार केलेली फाइल नोडावर ‘नाही’ असे दिसले, तर लगेच घाबरून कॉपीची स्क्रिप्ट लिहायला घेऊ नये.

शेअर्ड सिस्टिम असूनही नोडाच्या स्वतःच्या डिस्कवर प्रत नेणे काही वेळा शहाणपणाचे ठरते. लाखो लहान फाइली पुन्हा पुन्हा, क्रम न पाळता वाचायच्या असतील, कंटेनरची मोठी इमेज प्रत्येक नोडाने एकाच क्षणी उघडायची असेल, किंवा मधले निकाल सतत लिहायचे असतील, तर शेअर्ड सिस्टिमवर येणारा ताण आपल्यालाच नव्हे, त्या क्लस्टरवरील प्रत्येकालाच जाणवतो. शेअर्ड सिस्टिम मुळात नसेलच, तर कॉपीशिवाय गत्यंतर नाही.

२. नोडावरची जागा ओळखून घ्या

‘टीएमपी’ डिरेक्टरीत टाकले की झाले, अशी समजूत सर्वत्र आहे. ती तीन ठिकाणी फसते.

पहिली गोष्ट अशी की, अनेक कॉम्प्युट नोड बिनडिस्कचे असतात. त्यांवर टीएमपी ही डिस्क नसून मेमरीचाच एक भाग असते. डीएफ कमांडला मोठ्या लिपीतील टी हा पर्याय देऊन पाहावे. प्रकाराच्या रकान्यात टीएमपीएफएस असे दिसले, तर तेथे ठेवलेला प्रत्येक बाइट रॅम खातो. ‘डेव्ह’खालील एसएचएम डिरेक्टरीचेही तसेच आहे, तिची मूळ मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते. शेड्युलरने, म्हणजे नोड वाटून देणाऱ्या प्रणालीने, जॉबला (आपण सोपवलेल्या कामाला) मेमरीची मर्यादा घातलेली असेल, तर जॉबमधून तेथे ठेवलेल्या फाइलीही सहसा त्याच मर्यादेत मोजल्या जातात. ६४ जीबी मागितलेल्या जॉबने तेथे २० जीबीचा डेटा ठेवला, तर प्रोग्रॅमच्या वाट्याला ४४ जीबीच उरतात आणि जॉब मेमरी संपली म्हणून मारला जातो. कारण शोधणाऱ्याला प्रोग्रॅममध्ये गळती कुठे आहे ते सापडत नाही, कारण ती नसतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे, काही क्लस्टरांवर प्रत्येक जॉबला स्वतःची खासगी टीएमपी मिळते. स्लर्म या शेड्युलरमध्ये अशी सोय एका प्लगइनद्वारे करता येते. आपण एसएसएचने (दूरच्या यंत्रावर शिरण्याच्या साधनाने) नोडावर जाऊन टीएमपीत फाइल ठेवली, ती तेथे दिसलीही, पण जॉब सुरू झाल्यावर त्याला ती सापडत नाही, असा विचित्र अनुभव आला तर कारण बहुधा हेच असते. अशा ठिकाणी कॉपी जॉबच्या आतूनच केली पाहिजे.

तिसरी गोष्ट साधी आहे, पण तीच सर्वांत जास्त वेळा घडते: जागा संपलेली असते. आधीच्या लोकांनी मागे ठेवलेल्या फाइलींनी डिस्क भरलेली असते. डीएफ कमांडने मोकळी जागा पाहावी आणि आय हा पर्याय देऊन आयनोडही (प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदी) पाहावेत, कारण लहान फाइली अगणित असतील तर जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात आणि संदेश मात्र ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असाच येतो.

३. हाताशी काय काय असावे

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी जमवून ठेवाव्यात.

नोडांच्या नावांची यादी, एका ओळीत एक नाव याप्रमाणे. यादी विंडोजवर तयार केली असल्यास प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारे कॅरेज रिटर्न चिन्ह राहते आणि डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारे नाव ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ म्हणून नाकारले जाते. डॉस-टू-युनिक्स ही कमांड ते चिन्ह काढून टाकते.

पासवर्डशिवाय एसएसएच करता येईल अशी ‘की’, म्हणजे किल्लीची फाइल. होम डिरेक्टरी शेअर्ड असल्यास काम सोपे होते: एकदाच ईडी२५५१९ प्रकारची की तयार करून तिचा सार्वजनिक भाग आपल्याच ऑथराइज्ड-कीज फाइलीत जोडला की सर्व नोड उघडतात. डॉट-एसएसएच डिरेक्टरीची परवानगी ७०० आणि ऑथराइज्ड-कीज फाइलीची ६०० असावी. होम डिरेक्टरी गटातील इतरांना लिहिण्यासाठी खुली असेल, तर एसएसएचचा सर्व्हर की मान्य करत नाही आणि त्याचे कारण आपल्याला पडद्यावर सांगतही नाही. मुकाट्याने पासवर्ड विचारतो.

क्लस्टरचे नियम. स्लर्म असलेल्या पुष्कळ क्लस्टरांवर आपला जॉब ज्या नोडावर चालू नाही, त्या नोडावर एसएसएचने शिरताच येत नाही. हा दोष नसून मुद्दाम घातलेले बंधन आहे. तेथे पाचव्या पायरीनंतर थेट सातव्या पायरीकडे जावे.

आणि पाठवायच्या फाइलींचा एकूण आकार व संख्या. या दोन आकड्यांवर पुढचे सर्व निर्णय ठरतात.

४. प्रथम एकाच नोडावर करून पाहा

सर्व नोडांवर एकदम तुटून पडण्याआधी एका नोडावर संपूर्ण प्रक्रिया करून पाहावी. येथे माझी पसंती आरसिंकला आहे. ॲन्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते लोकांसमोर आणले, आणि एवढ्या वर्षांनंतरही अर्धवट राहिलेली कॉपी पुढे चालू ठेवण्यासाठी त्याच्याइतके भरवशाचे साधन माझ्या पाहण्यात नाही. ए हा पर्याय दिला की परवानग्या, वेळा आणि प्रतीकात्मक दुवे जसेच्या तसे जातात. एन हा पर्याय जोडल्यास काहीही न पाठवता काय पाठवले जाईल तेवढेच दिसते, आणि नव्या कमांडची पहिली खेप नेहमी तशीच करावी.

आरसिंकमधील सर्वांत प्रसिद्ध सापळा तिरक्या रेघेचा आहे. समजा, ‘इनपुट’ नावाची डिरेक्टरी नोडावरील ‘काम’ या डिरेक्टरीत पाठवायची आहे. स्रोताचे नाव शेवटच्या तिरक्या रेघेशिवाय लिहिले, तर नोडावर ‘काम’च्या आत ‘इनपुट’ तयार होते. तीच रेघ शेवटी लिहिली, तर ‘इनपुट’मधील फाइली थेट ‘काम’मध्ये सांडतात. यात भर म्हणून डिलीट हा पर्याय दिला असेल, तर ‘काम’मध्ये आधीपासून असलेले, पण स्रोतात नसलेले सर्व काही पुसले जाते. डिलीट पर्याय आणि शेवटची रेघ एकाच ओळीत दिसली की हात कीबोर्डवरून उचलून ती ओळ पुन्हा वाचण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरा सापळा कमी प्रसिद्ध आहे. फाइल बदलली आहे की नाही, हे आरसिंक सहसा तिचा आकार आणि बदलाची वेळ पाहून ठरवते; आतला मजकूर वाचत नाही. काही जण वेग वाढावा म्हणून ‘साइझ-ओन्ली’ हा पर्याय जोडतात. आता पॅरामीटर फाइलीत ०.२५ च्या जागी ०.३५ लिहा: अक्षरांची संख्या तीच, म्हणजे आकार तोच, म्हणजे आरसिंकच्या लेखी काहीही बदललेले नाही. जुनी फाइल नोडावर तशीच राहते आणि कमांड यशस्वी झाल्याचे कळवते. शंका असेल तेथे सी हा पर्याय द्यावा, म्हणजे मजकुराचा चेकसम (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) ताडून पाहिला जातो. त्याला वेळ जास्त लागतो, पण लहान फाइलींच्या बाबतीत तो जाणवतही नाही.

झेड हा पर्याय पाठवताना डेटा आकसून पाठवतो. दूरच्या, मंद जोडणीवर तो उपयोगी आहे. क्लस्टरच्या अंतर्गत वेगवान नेटवर्कवर मात्र बहुधा उलटाच परिणाम होतो, कारण प्रोसेसरला आकसण्याचे काम नेटवर्कच्या वेगाने झेपत नाही.

‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच, इज युअर शेल क्लीन’ असा संदेश आला, तर दोष आरसिंकचा नसतो. नोडावर लॉगिन होताना आपली बॅशआरसी फाइल काहीतरी छापते, मग ते स्वागताचे वाक्य असो वा मॉड्युल लोड झाल्याची सूचना, आणि तो मजकूर आरसिंकच्या संभाषणात मिसळतो. अशा छपाईच्या ओळी केवळ संवादी शेलमध्येच चालतील अशी अट बॅशआरसीत घालावी.

एससीपी वापरायचेच असेल तर अवश्य वापरावे, फक्त पी हा पर्याय देऊन, नाहीतर फाइलीची मूळ वेळ हरवते आणि पुढच्या वेळी आरसिंक तीच फाइल बदललेली समजते. ओपनएसएसएचच्या ९.० या २०२२ मधील आवृत्तीपासून एससीपी आतून एसएफटीपी ही वेगळी पद्धत वापरते, त्यामुळे जुन्या नोडांवर एसएफटीपीची सोय बंद असेल तर ते अडते. अशा वेळी मोठ्या लिपीतील ओ हा पर्याय जुन्या पद्धतीकडे परत नेतो.

५. लहान फाइलींची मोट बांधा

एक जीबीची एक फाइल आणि एक केबीच्या दहा लाख फाइली यांचे वजन जवळपास सारखे असले, तरी दुसऱ्या ओझ्याला कितीतरी पट वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइलीमागे उघडणे, परवानग्या लिहिणे आणि बंद करणे हे सोपस्कार वेगळे करावे लागतात. म्हणून टार कमांडने सर्व फाइलींचा एकच गठ्ठा करावा, तो पाठवावा आणि नोडाच्या स्थानिक डिस्कवर सोडवावा. गठ्ठा शेअर्ड सिस्टिमवर सोडवला तर या पायरीचा सगळा फायदा वाया जातो.

६. सर्व नोडांवर पाठवताना रस्ता कोणाचा, याचा विचार करा

येथे थोडे गणित करू. १० जीबीची फाइल ६४ नोडांवर पाठवायची आहे आणि स्रोत असलेल्या यंत्राची जोडणी १ गिगाबिटची आहे. अशी जोडणी प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११७ एमबी वाहून नेते, म्हणजे एका नोडाला सुमारे ८५ सेकंद लागतात. लूप लिहून एकामागून एक पाठवल्यास ६४ गुणिले ८५, म्हणजे ५,४४० सेकंद, साधारण दीड तास.

नवख्याच्या मनात लगेच येते की सगळे एकदम सुरू करू, म्हणजे ८५ सेकंदांत उरकेल. तसे होत नाही. ६४ प्रती त्याच एका केबलमधून बाहेर पडायच्या आहेत. एकदम सुरू केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला चौसष्टावा हिस्सा येतो आणि शेवटी लागतो तो दीड तासच. लहान फाइलींच्या बाबतीत समांतर पाठवणे फायद्याचे असते, कारण तेथे वेळ जोडणी उभारण्यात जातो. मोठ्या फाइलीच्या बाबतीत अडचण स्रोताच्या दाराशी असते.

उपाय असा की, ज्याला फाइल मिळाली त्याने ती पुढे द्यायची. पहिल्या फेरीत स्रोताकडून एका नोडाला, दुसऱ्या फेरीत त्या दोघांकडून आणखी दोघांना, तिसरीत चौघांकडून चौघांना. सात फेऱ्यांत १२७ नोडांपर्यंत मजल जाते, म्हणजे ६४ नोडांना सात फेऱ्या पुरतात: सात गुणिले ८५, सुमारे दहा मिनिटे. यासाठी स्विचने एकाच वेळी अनेक जोड्यांमधील वाहतूक पेलली पाहिजे, हे गृहीत आहे. हे लक्षात ठेवून साधन निवडावे.

पीडीसीपी: हे पीडीएसएच या, अनेक नोडांवर एकच कमांड चालवणाऱ्या साधनाचे भावंड असून दोन्ही लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत तयार झाली. डब्ल्यू या पर्यायापुढे नोडांची नावे कंसातील पट्ट्याने देता येतात, जसे नोड[०१-६४]. एक्स या पर्यायाने नको असलेले नोड वगळता येतात. मूळ सेटिंगनुसार एका वेळी ३२ नोडांना ते हाताळते. पीडीसीपी केवळ आपल्या यंत्रावर असून भागत नाही. ज्या नोडांवर फाइल जायची तेथेही ते बसवलेले असावे लागते, हे मला तासभर डोके खाजवल्यावर कळले.

क्लश: हे क्लस्टरशेल या संचातले आहे आणि नोडांवर वेगळे काही बसवावे लागत नाही, एसएसएच पुरते. कॉपी हा पर्याय, फाइलीचे नाव आणि डेस्ट या पर्यायापुढे मुक्कामाचा पत्ता, एवढे दिले की झाले. मूळ मर्यादा एका वेळी ६४ नोडांची आहे. नोडांची उतरंड एका टोपॉलॉजी फाइलीत लिहून दिली, तर मधल्या नोडांमार्फत पाठवण्याचीही सोय त्यात आहे. नव्याने शिकणाऱ्याला मी हेच सुचवतो.

उलट्या दिशेने, म्हणजे प्रत्येक नोडाने येऊन लॉगिन नोडावरून फाइल ओढून न्यावी अशी रचना केल्यास आणखी एक अडथळा समोर येतो. ओपनएसएसएचचा सर्व्हर मूळ सेटिंगनुसार ओळख पटायच्या टप्प्यातील जोडण्या १० झाल्या की नव्या जोडण्यांपैकी ३० टक्के यादृच्छिकपणे नाकारू लागतो आणि १०० झाल्या की सर्वच नाकारतो. ६४ नोड एकाच क्षणी धडकले, तर त्यांपैकी काही रिकाम्या हाताने परततात, आणि दर वेळी निराळेच परततात. प्रत्येक नोडाला काही सेकंदांचा वेगवेगळा विलंब दिल्यास हा त्रास टळतो.

स्वतः लूप लिहिणाऱ्यांसाठी एक इशारा. नोडांची यादी व्हाइल-रीड लूपने वाचत असाल आणि लूपच्या आत एसएसएच असेल, तर पहिल्याच नोडानंतर लूप संपतो, कारण यादीतली उरलेली नावे एसएसएच स्वतःचे इनपुट समजून गिळून टाकते. एसएसएचला एन हा पर्याय द्यावा.

७. शेड्युलर असेल तर कॉपी जॉबच्या आतून करा

स्लर्ममध्ये यासाठी एसबीकास्ट ही कमांड आहे. ती जॉबला मिळालेल्या सर्व नोडांवर फाइल पोहोचवते, वर सांगितलेल्या उतरंडीच्या पद्धतीनेच, आणि एसएसएचची की, नोडांची यादी यांची कटकट राहत नाही. एसबॅचच्या, म्हणजे जॉब सोपवणाऱ्या कमांडच्या, स्क्रिप्टमध्ये मुख्य प्रोग्रॅमच्या आधी एक ओळ लिहायची: एसबीकास्ट, मग शेअर्ड सिस्टिमवरील फाइल, मग नोडावरील पूर्ण पत्ता. नोडावर त्याच नावाची फाइल आधीच असेल तर एसबीकास्ट थांबते. तिच्यावर नवी लिहायची असल्यास एफ हा पर्याय द्यावा लागतो. मला ही काटेकोर वागणूक आवडते, कारण माझ्या त्या जुन्या पॅरामीटर फाइलीचा घोटाळा येथे झालाच नसता. एसबीकास्टने पूर्ण डिरेक्टरी जात नाही, म्हणून पाचव्या पायरीतील गठ्ठा येथे कामी येतो.

गठ्ठा पोहोचल्यावर तो प्रत्येक नोडावर सोडवायचा आहे, हे पुष्कळ जण विसरतात. स्क्रिप्टमध्ये नुसतेच टार लिहिले, तर ते फक्त पहिल्या नोडावर चालते, कारण एसबॅचची स्क्रिप्ट पहिल्याच नोडावर चालत असते. एसरन या, जॉबच्या नोडांवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कमांडला ‘प्रत्येक नोडावर एकच टास्क’ असा पर्याय देऊन टार चालवावे. हा पर्याय विसरला आणि जॉबमध्ये नोडामागे ३२ टास्क असले, तर ३२ प्रक्रिया एकाच ठिकाणी तोच गठ्ठा एकमेकींवर सोडवत बसतात, आणि जे हाती येते ते कधी बरोबर असते, कधी नसते.

८. प्रत्येक नोडावर पडताळणी करा

ही पायरी वगळायची असेल, तर बाकीच्या पायऱ्या वाचूनही फारसा उपयोग नाही.

पाठवण्याआधी स्रोतावर एसएचए२५६सम कमांडने फाइलीचा चेकसम काढावा. तो ६४ अक्षरांचा असतो. मग पीडीएसएचने तीच कमांड सर्व नोडांवर चालवावी आणि तिचे आउटपुट डीएसएचबॅक या कमांडकडे सी हा पर्याय देऊन पाठवावे. क्लश वापरत असल्यास बी हा पर्याय तेच काम करतो. एकसारखे उत्तर देणारे नोड एकत्र गोळा होतात. सर्व काही ठीक असेल, तर पडद्यावर ‘नोड[०१-६४]’ असे एकच शीर्षक आणि त्याखाली एकच चेकसम दिसतो. एखाद्या नोडावर जुनी किंवा अर्धवट फाइल असेल, तर ‘नोड[०१-३६,३८-६४]’ असा एक गट आणि ‘नोड३७’ असा दुसरा गट वेगळा उभा राहतो. चौसष्ट ओळी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे आहे, कारण फुटलेला गट लपून राहूच शकत नाही.

पण येथेही एक पळवाट आहे. जो नोड बंद आहे तो चेकसम देतच नाही, म्हणून तो चुकीच्या गटात दिसत नाही; तो कोणत्याच गटात दिसत नाही. शीर्षकातील नोडांची संख्या मोजावी. पीडीएसएच आणि क्लश या दोघांनाही मोठ्या लिपीतील एस हा पर्याय दिला की नोडांवरील सर्वांत मोठा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) परत मिळतो. स्क्रिप्टमध्ये तो तपासून शून्याखेरीज काही आले तर तेथेच थांबावे.

फाइल थेट अंतिम नावाने न पाठवता आधी तात्पुरत्या नावाने पाठवावी आणि चेकसम जुळल्यावरच एमव्ही कमांडने तिला खरे नाव द्यावे. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणे ही अखंड क्रिया असते: वाचणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी दिसते, अर्धी कधीच दिसत नाही. तात्पुरती फाइल मात्र त्याच डिरेक्टरीत ठेवावी, कारण दुसऱ्या फाइल सिस्टिमवरून एमव्ही केल्यास ती पडद्याआड साधी कॉपीच असते. चालू असलेला प्रोग्रॅम बदलताना येणारा ‘टेक्स्ट फाइल बिझी’ हा अडथळाही याच पद्धतीने दूर होतो.

९. निकाल परत आणा आणि जागा मोकळी करा

नोडांवर तयार झालेले निकाल परत आणताना सर्व नोडांवरील फाइलींचे नाव एकच असते आणि साध्या लूपने आणल्यास प्रत्येक फाइल आधीच्या फाइलीवर लिहिली जाऊन शेवटच्या नोडाचीच प्रत हाती उरते. आरपीडीसीपी आणि क्लशचा आरकॉपी हा पर्याय फाइलीच्या नावाला नोडाचे नाव जोडतात, म्हणून तेच वापरावे.

वेळेचेही भान ठेवावे लागते. जॉबची मुदत संपली की स्लर्म आधी थांबण्याचा संकेत पाठवते आणि मूळ सेटिंगनुसार ३० सेकंदांनी प्रक्रिया सक्तीने बंद करते. चाळीस जीबीचे निकाल ३० सेकंदांत परत येत नाहीत. एसबॅचच्या सिग्नल या पर्यायाने मुदतीच्या, उदाहरणार्थ, ३०० सेकंद आधी स्क्रिप्टला संकेत मागवून घेता येतो. स्क्रिप्टमध्ये ट्रॅप लिहून तो संकेत पकडावा आणि कॉपी तेव्हाच सुरू करावी. मुख्य प्रोग्रॅम पार्श्वभूमीत चालवून वेट कमांडने त्याची वाट पाहिली नाही, तर बॅश तो प्रोग्रॅम संपेपर्यंत ट्रॅपकडे वळतच नाही, म्हणून एसरनच्या ओळीच्या शेवटी अँपरसँड आणि पुढच्या ओळीत वेट लिहावे. संकेत आला की वेट तेथेच सुटते, म्हणून ट्रॅपमधील कॉपी पूर्ण झाल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे जाणार नाही, अशीच तिची मांडणी करावी.

पुसण्याचे कामही एसरनने प्रत्येक नोडावर करावे. स्क्रिप्टच्या शेवटी लिहिलेले साधे आरएम फक्त पहिला नोड साफ करते आणि उरलेल्या त्रेसष्ट नोडांवर आपला डेटा पुढच्या माणसाची जागा अडवून बसतो. पुसायच्या डिरेक्टरीचे नाव व्हेरिएबलमध्ये असेल, तर ते महिरपी कंसात लिहून नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह जोडावे. व्हेरिएबल रिकामे निघाले तर बॅश तेथेच थांबते, आणि आरएम मुळापासूनची डिरेक्टरी पुसायला निघत नाही.